स्मार्टवॉचचा ‘स्ट्रेस’ आकडा : द्राक्षाच्या एका हंगामानंतरचं माझं मत

ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून शेवटचा बेदाणा तासगावच्या सौद्यात जाईपर्यंत, आणि त्यानंतरही, हे स्मार्टवॉच माझ्या हातात होतं. लेकीने पुण्याहून पाठवलेलं, किंमत चार हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक घड्याळांत आता हेच फीचर असतं आणि माझं म्हणणं त्या फीचरबद्दल आहे. माझ्या लेकीने ते घेतलं तेही त्याच्यासाठीच. ‘पप्पा, तुमचं टेन्शन किती वाढतंय ते तुम्हालाच कळेल,’ असं म्हणाली होती.

बाकीचं आधी उरकतो. चार्जिंग आठवडाभर पुरतं. ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) फवाऱ्यात भिजलं, काही झालं नाही. दुपारच्या उन्हात आकडे स्पष्ट दिसतात. पट्ट्याखाली घाम साचून पुरळ येतं, तो बदलून कापडी लावा. व्हॉट्सअॅपचे मराठी मेसेज नुसते चौकोन होऊन दिसतात, हे मात्र या काळात पटत नाही. पावलांची मोजणी ठीक.

आता तो आकडा. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीतून आत जातो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमीजास्त परततो. त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतात. माणूस निवांत असला की हे अंतर सारखं थोडं थोडं बदलत असतं, शरीर ताणात आलं की ते जास्त एकसारखं होतं. त्या फरकाचा हिशेब करून शून्य ते शंभरमधला आकडा आणि हिरवा, पिवळा, लाल रंग दाखवतात. मोजमाप शरीराचं आहे. कशामुळे, किती दिवसांपासून, पुढे काय, हे त्याला कळायला कसलाही मार्ग नाही.

म्हणून माझा कडक चहाही पिवळा दाखवला. ताप आला त्या दिवशी लाल. पुतणीच्या साखरपुड्यात मी मांडवात आनंदाने फिरत होतो तेव्हाही लाल. याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, मशीनच्या मर्यादा असतात. तक्रार उलट बाजूची आहे. ज्या रात्री मी पहाटे तीनला टक्क जागा होऊन छताकडे बघत पडलेलो असायचो, छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, त्यातल्या बऱ्याच रात्री घड्याळ ‘रिलॅक्स्ड’ म्हणत होतं. निपचित पडलेल्या माणसाचं मन किती धावतंय हे मनगटाला दिसत नाही.

बाग पोंग्यात, म्हणजे डोळे फुटून कोवळे कोंब येत असताना पाऊस आला आणि सगळ्या शिवारात डाऊनी हा बुरशीचा रोग शिरला. तेव्हा माझ्या शेजारच्या बागेतल्या बापूंनी हौसेने हे घड्याळ काही दिवस घातलं. त्यांचा आकडा माझ्याहून वर. साहजिकच होतं. रात्री पाऊस थांबला की उठून फवारणी, सोसायटीचं कर्ज, मजुरांचे पैसे, वर व्यापारी फोन उचलेना. बापू चिडचिडे झाले होते, जेवण कमी, झोप कमी. पण पाऊस उघडला, राहिलेल्या घडांत साखर भरली, माल गेला, पैसे खात्यावर पडले. त्यानंतर बापू आठवडाभर मेल्यासारखे झोपले आणि मग जत्रेत कुस्त्या बघायला गेले.

माझेही पैसे आले. नुकसान होतं, पण कर्जाचा हप्ता भागला. माझी काळजी मात्र गेली नाही, तिने फक्त घर बदललं. आधी डाऊनी होता, मग लेकीची पुण्याची एसटी. ती हॉस्टेलला पोचल्याचा फोन आला की बोअरचं पाणी. बोअर चालू दिसली की भावाचं बीपी. औषधाच्या डब्यावरचं प्रमाण तीन-तीनदा वाचून डोक्यात शिरेना. मानेचे आणि जबड्याचे स्नायू दिवसभर आवळलेले. सोसायटीच्या मीटिंगला जाणं बंद केलं, कारण तिथे कुणी काही वाईट बातमी सांगेल असं वाटायचं. मे महिन्यात बागेत खरड छाटणीनंतरची फूट जोमात होती, डोक्यावर तातडीचं काहीच नव्हतं, आणि तरी असं. घड्याळाचे मे महिन्याचे रंग डिसेंबरपेक्षा हिरवे होते.

मंडळींच्या आग्रहाने आधी गावाकडच्या फिजिशियनकडे गेलो. ईसीजी चांगला निघाला. छातीत धडधड होत असेल तर पहिली पायरी हीच असावी, थेट ‘टेन्शन असेल’ म्हणून कुणी सोडून देऊ नये. त्यांनीच सांगलीतल्या मानसोपचार डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

डॉक्टर मॅडमनी घड्याळाचा आकडा पाहिलाच नाही. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. चहा किती, तंबाखू किती, झोपेची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेता का, हे विचारलं. शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हेही विचारलं, कारण काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही घाम, अस्वस्थपणा असं होतं. द्राक्षवाल्याला हा प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटणं मला फार मोलाचं वाटलं.

मग एक कागद दिला, मराठीतच होता. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. काळजी थांबवता येत नाही असं किती दिवस झालं, निवांत बसणं जमत नाही असं किती दिवस, काहीतरी भयंकर होणार असं किती दिवस. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. ‘जीएडी-७’ म्हणतात त्याला, २००६ साली तयार झालेला आहे आणि जगभर वापरतात. १० किंवा वर गुण आले तर नीट तपासणी करायची. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या गुणांवर आजार ठरत नाही, पुढचं बोलणं महत्त्वाचं.

ते बोलणं पाऊण तास चाललं. त्यांनी काय काय धुंडाळलं ते लिहितो, कारण घड्याळाला यातलं काही येत नाही. कारण संपल्यावर काळजी ओसरते का? एका गोष्टीची आहे की एकीवरून दुसरीवर उड्या मारते? थांबवायची म्हटली तर थांबते का? किती महिने चाललंय? (अशा सततच्या काळजीच्या आजारात निदान सहा महिने, त्यातले बहुतेक दिवस, असा निकष धरतात.) आणि तिच्यापायी काय काय करायचं सोडलंत? या शेवटच्या प्रश्नाला मी सोसायटीची मीटिंग सांगितली, मग पाहुण्यांकडे जाणं सांगितलं, मग एकेक आठवत गेलं. मंडळींनाही आत बोलावून विचारलं. हिने सांगितलं की हे छाटणीच्या आधीपासूनच आहे, गणपतीतही रात्री उठून बसायचे. पावसाने आणि डाऊनीने ते झाकलं गेलं होतं इतकंच.

‘काका, तुमच्या बापूंना झाला तो ताण. तुम्हाला आहे तो चिंताविकार, आणि त्याला चांगला उपचार आहे,’ असं त्या म्हणाल्या. बापूंचा ताण हलका होता असं त्यांचं म्हणणं नव्हतं. रेंगाळणारा ताणही झोप आणि बीपी बिघडवतो, त्यालाही बोलायला माणूस लागतं. पण उपाय वेगळा. माझ्यासाठी समुपदेशन ठरलं, ज्यात काळजीचे विचार वहीत उतरवून तपासायला आणि टाळलेल्या गोष्टी एकेक करून परत करायला शिकवतात. सोबत एक गोळी, जिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि जी मनाने बंद करायची नाही. मीटिंगला परत जायला लागलो आहे. पहाटेची जाग कमी आहे.

घड्याळाचा एक उपयोग तिथे झाला, तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. झोपेची नोंद. कधी झोपलो, कधी जागा झालो, याचा महिन्यांचा आलेख मॅडमनी बारकाईने पाहिला. झोपेच्या नोंदी तंतोतंत नसतात, पण पहाटेच्या जागेचा क्रम त्यात दिसत होता. सावकाश श्वासाचं फीचरही चांगलं आहे. कंप येतो तसा श्वास घ्यायचा आणि सोडायचा, शरीर खरंच सैल पडतं.

त्रासदायक ठरली ती सूचना. आकडा वर गेला की घड्याळ थरथरतं आणि ‘तुमचा ताण जास्त आहे’ असं इंग्रजीत दाखवतं. काळजीचा आजार असलेल्या माणसाला दिवसातून कितीतरी वेळा असं सांगणं म्हणजे त्याच्या हातात नवी काळजी बांधणं. मी जेवताना, बागेत, एसटीत सारखा मनगट बघायला लागलो होतो. मॅडमनी पहिल्याच भेटीत ती सूचना बंद करायला लावली. कंपन्यांनी ती मुळात बंद ठेवून द्यावी आणि ज्याला हवी त्याने चालू करावी, हे मला अगदी मनापासून वाटतं. आणि त्या पानावर ‘हे निदान नाही’ असं ठळक मराठीत लिहावं. आता ते बारीक इंग्रजीत, सेटिंगच्या तळाशी आहे.

माझे तारे : पावलं आणि मजबुती चार, झोपेची नोंद तीन, स्ट्रेसचा आकडा एक. चालण्यासाठी घ्यायचं तर जरूर घ्या. घरातल्या कुणाच्या मनाची काळजी वाटते म्हणून घेणार असाल, तर त्याआधी १४४१६ ला फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याइतकं झालं असेल तर घड्याळ, परीक्षण सगळं बाजूला ठेवून आत्ताच फोन लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

हे घड्याळ आधीच हातात असेल तर फोनवरच्या अॅपमध्ये आरोग्याच्या सेटिंगमध्ये जा, ‘स्ट्रेस’ उघडा, दिवसभराचं मोजमाप आणि सूचना दोन्ही बंद करा. त्याने चार्जिंगही जास्त टिकतं.