फॅमिलीसर्चवर केंटकीतल्या मूळपुरुषाचा शोध: काही महिने वापरल्यानंतर

माझं सासर केंटकीचं. घराण्याचा मूळपुरुष अमेरिकेच्या क्रांतियुद्धाच्या (ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य मिळवण्याच्या लढाईच्या) धामधुमीत व्हर्जिनियातून कंबरलँड खिंड ओलांडून आला आणि रान तोडून वसला, असं सासरे सांगतात. माझ्या माहेरची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपडीत मिळाली. मुलांच्या हाती बाबांकडची बाजूही तेवढीच पक्की असावी, म्हणून फॅमिलीसर्च हे वंशावळीच्या जुन्या नोंदी शोधायचं संकेतस्थळ वापरायला घेतलं. लेटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्च ते चालवतं. खातं उघडावं लागतं, पैसे लागत नाहीत.

तिथल्या तयार वंशवृक्षावर मात्र विसंबू नका. सगळ्या जगाचा मिळून तो एकच सामाईक वृक्ष आहे आणि कोणीही त्यात बदल करू शकतं. १८५० पासून अमेरिकी जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येतं, त्यामुळे तिथून पुढे गाडी सुरळीत चालते. त्याआधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी सगळे नुसते आकडे. शिवाय केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या जनगणनेचे तक्ते उरलेलेच नाहीत. म्हणजे आपल्याला हवा तोच काळ कोरा.

तिथे कामी येतात कराच्या याद्या. वर्षागणिक पाहत गेलं की एकाच नावाचे दोघे-तिघे वेगळे करता येतात, कारण नावापुढे घोडे, जमिनीचे एकर आणि बऱ्याचदा जवळच्या ओढ्याचं नावही असतं. एखादा मुलगा एकविशीचा झाला की यादीत नव्याने उगवतो. बाप नाहीसा होऊन विधवेचं नाव आलं, की मृत्यूचा काळ साधारण कळतो.

पण पाच तारे मी देईन ते पूर्ण-मजकूर शोधाला. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या सोयीत हस्तलिखित खरेदीखतं आणि मृत्युपत्रं यंत्राने वाचलेली असतात. त्यामुळे अनुक्रमणिकेत कधीच न येणारी माणसंही सापडतात: साक्षीदार, शेजारी, जमीन मोजताना मापाची साखळी धरणारे. नव्या वस्तीच्या सरहद्दीवरचा माणूस एकटा कधी हलत नसे. भाऊ, मेहुणे, शेजारी मिळून निघत. आपल्या माणसाचा कागद नसेल तर त्याच्या साखळीवाल्याचा शोधा, तो बहुधा नात्यातला निघतो.

जमिनीच्या कागदांत मी सर्वात जास्त रमले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने, १ जानेवारी १७७८ पूर्वी येऊन वर्षभर राहिलेल्याला किंवा मक्याचं पीक घेतलेल्याला ४०० एकर मिळत, लगतच्या १००० एकरांवर अग्रहक्क, म्हणजे इतरांआधी विकत घेण्याचा हक्कही. पण वॉरंट (जमीन मोजून घेण्याची परवानगी), नोंद, मोजणी आणि सनद (मालकीचा अंतिम कागद) असे चार टप्पे पार करावे लागत. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तशा इथल्या सीमाही झाडांनी आणि ओढ्यांनी लिहिलेल्या: पांढऱ्या ओकपासून इतके पोल, मग ओढ्याकाठचं अमुक झाड. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. झाड पडलं की वाद. एकाच जमिनीवर अनेकांचे दावे चढले आणि कित्येक कुटुंबं कज्जे हरून पुढे सरकली. अब्राहम लिंकनचे वडीलही १८१६ मध्ये इंडियानाला गेले, त्यामागे केंटकीतल्या जमीनहक्कांचे तंटे हे एक कारण होतं. या सनदांच्या प्रती केंटकी लँड ऑफिसच्या संकेतस्थळावर मोफत दिसतात.

पूर्वज क्रांतियुद्धात लढला असेल तर पेन्शनची फाइल आधी बघा. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत आहे. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्यांना न्यायालयात विचारत: जन्म कुठे, वयाचा पुरावा काय, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात? त्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात माणसाचा सगळा प्रवास मिळतो.

याच कागदांत घरात न सांगितलेलंही सापडतं. ते रान मोकळं नव्हतं, शॉनी आणि चेरोकी लोकांची ती शिकारीची भूमी होती. मृत्युपत्रांच्या मालमत्ता-याद्यांत गायी-घोड्यांच्या ओळीला ओळ लावून गुलाम माणसांची नावं आणि किमती येतात. अशी यादी वाचून मी उठले आणि पुढचे काही दिवस साइट उघडलीच नाही. नंतर ती सगळी नावं वेगळ्या वहीत उतरवली. १८७० पूर्वीच्या जनगणनेत त्या माणसांची नावं जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या वंशजांना असा कागद म्हणजे एकुलता धागा असू शकतो. घराण्याच्या टिपणात ही नावं घालायची, असं मी सासऱ्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग हो म्हणाले.

अडचणी आहेतच. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, त्यासाठी फॅमिलीसर्च केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं. जुनं वळणदार अक्षर यंत्रालाही चकवतं, म्हणून आडनावाची चार-पाच स्पेलिंगं टाकून बघा आणि मूळ पान वाचल्याशिवाय काही मानू नका. काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, फाळणी तर पाठच करावी लागते. १७८० मध्ये केंटकी काउंटीच्या फेयेट, जेफरसन आणि लिंकन अशा तीन झाल्या, पुढे त्याही फुटल्या. जागा न सोडताही माणसाची काउंटी बदलते, आणि कागद त्या-त्या वेळच्या कचेरीत राहतो.

एका सशुल्क सेवेचंही सदस्यत्व घेतलं होतं. तिच्या आपोआप येणाऱ्या सूचना बहुतेक इतरांच्या वृक्षांकडेच नेत होत्या, म्हणून मी ते पुढे चालू ठेवलं नाही. पैसे खर्चायचेच असतील तर काउंटीच्या कचेरीतून खटल्याच्या कागदांच्या नकला मागवा. आमच्या मूळपुरुषाच्या बायकोचं माहेरचं नाव अशाच एका जमिनीच्या खटल्यात, तिच्या भावाच्या जबानीत मिळालं. तिच्या माहेराचा शोध आता सुरू केला आहे, व्हर्जिनियाच्या कागदांत.