पूरग्रस्त मुलांची चित्रे आणि दिवाळीच्या भेटसंचांतील फसवणूक

सप्टेंबर 2025 च्या अखेरीस सीना, मांजरा आणि सिंदफणा या नद्यांच्या पुराने धाराशिव व बीड जिल्ह्यांतील काठावरच्या गावांची काय दशा केली, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात कुजले, जनावरे दावणीलाच बुडाली आणि कित्येक शेतांतील माती खडकापर्यंत खरडून गेली. मात्र त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर पूरग्रस्त मुलांच्या चित्रांचे भेटसंच विकून जी फसवणूक झाली, तिची वाच्यता फारशी झालेली नाही. विकत घेणाऱ्याला ठरलेला माल मिळाला होता, आणि ज्यांच्या नावाने तो विकला गेला त्यांना विक्री झाल्याचेच माहीत नव्हते. मग तक्रार करणार कोण?

लातुरातील आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळाने असे संच घेतले. एका संचाची किंमत 650 रुपये होती आणि त्यात कापडी पिशवी, 2026 ची दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे व चार पणत्या होत्या. प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव, इयत्ता आणि गाव छापलेले होते. संचामागे 400 रुपये थेट त्या मुलाच्या कुटुंबाच्या खात्यावर जमा होतील, असे विक्रेत्यांनी सांगितले होते. त्यांच्या संदेशात 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाचा उल्लेख होता आणि त्या वेळी देशभरातून आलेल्या मदतीची आठवण करून दिलेली होती. लातूरकरांच्या मनात ती मदत आजही ऋणासारखी राहिलेली आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याला ते चांगले माहीत होते.

मुलांच्या चित्रांतून निधी उभारण्याची रीत मुळात प्रामाणिक आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून चेकोस्लोवाकियातील सात वर्षांच्या एका मुलीने काढलेल्या चित्रावरून युनिसेफने 1949 मध्ये आपले पहिले शुभेच्छापत्र काढले; आपल्याकडे 1979 मध्ये स्थापन झालेल्या क्राय या संस्थेनेही शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून मुलांसाठी निधी जमवला. अशा कामांनी कमावलेल्या विश्वासावरच हे फसवणारे लोक जगतात, म्हणून त्यांचा राग अधिक येतो.

आमच्या मंडळातील एक सर मूळचे परंडा तालुक्यातील आहेत. दिवाळीला गावी जाताना, दिनदर्शिकेवर जिचे चित्र आहे ती मुलगी शेजारच्याच गावची असल्याने, तिला दाखवावे म्हणून ते संच घेऊन गेले. चित्रात पाण्यात अर्धे बुडालेले पत्र्याचे घर, दाव्याला बांधलेली म्हैस आणि वर हेलिकॉप्टर होते. मुलीने आपले चित्र लगेच ओळखले आणि ते छापून आले म्हणून ती हरखून गेली. तिचे वडील मात्र गोंधळले. ते म्हणाले, "सर, चित्र पोरीनंच काढलंय, ते खरं हाय. पण पैशाचं आमाला कुणी काय बोललं न्हाई. आधारची अन् पासबुकाची झेरॉक्स तेवढी नेली."

चौकशी केल्यावर सगळा प्रकार समजला. पूर ओसरल्यावर काही तरुण गावात आले, त्यांनी मुलांना रंगपेट्या व कागद वाटले, पुराचे चित्र काढायला सांगितले, चित्रे आणि कुटुंबांची छायाचित्रे घेतली. अतिवृष्टीच्या अनुदानाचे काम असेल असे समजून पालकांनी कागदपत्रांच्या प्रती दिल्या. वास्तविक पंचनामा महसूल व कृषी खात्याचे गावपातळीवरील कर्मचारी करतात आणि अनुदान शासनाकडून थेट खात्यावर येते. त्यासाठी बाहेरच्या माणसाला पासबुक देण्याची गरज नसते. पण ज्यांच्या घरातली धान्याची कणगीसुद्धा वाहून गेली होती, त्यांनी त्या आठवड्यात आलेल्या कोणाला परत पाठवले असते, असे मला वाटत नाही. रंगपेटी देणारा माणूस तर त्यांना आपलाच वाटला.

म्हणजे चित्रे खरी होती, मुलेही खरी होती, गावेही खरी होती; पुढची पैशांची वाट तेवढी खोटी होती, आणि नेमकी तीच कोणी तपासत नाही. क्यूआर कोडवर पैसे भरताना संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसत होते. विचारल्यावर, संस्थेच्या खात्याचे काम चालू असल्याने तूर्त खजिनदारांच्या खात्यावर पैसे घेत आहोत, असे उत्तर मिळाले. पावतीवरील पॅनचे चौथे अक्षर पी होते, जे व्यक्तीच्या पॅनमध्ये असते. न्यासाच्या म्हणजे ट्रस्टच्या पॅनमध्ये त्या जागी टी असतो. पावतीवर 80जी ची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची सवलत छापलेली होती, पण वस्तूच्या बदल्यात दिलेली किंमत ही देणगी ठरत नाही, आणि खऱ्या देणगीसाठी नोंदणीकृत संस्था ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र देते. छापलेला न्यास नोंदणी क्रमांक आम्ही धर्मादाय कार्यालयात दाखवला, तेव्हा तो दुसऱ्याच जिल्ह्यातील एका संस्थेचा निघाला.

विक्रेत्यांचा दूरध्वनी आता बंद आहे. आम्ही सायबर गुन्ह्यांच्या 1930 या क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली आहे. 1930 वर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम खात्यात अडकवून ठेवण्याची शक्यता अधिक असते. आमच्या बाबतीत बराच काळ लोटला होता. आम्हाला मात्र गेलेल्या रकमेपेक्षा त्या घरांतून नेलेल्या आधार व पासबुकाच्या प्रतींची काळजी अधिक आहे, कारण त्यांच्या आधारे दुसऱ्याच्या नावे सिमकार्ड किंवा कर्ज घेण्याचे प्रकार होतात. परंड्याच्या त्या सरांनी गावातील पालकांना बँकेत नेऊन खात्यांची नोंद तपासून घेतली आहे आणि आधारचे बायोमेट्रिक बंद करून देण्याचे काम शाळेतील शिक्षकांनी हाती घेतले आहे.

आपल्या गावातही अशीच चित्रे काढून नेली असतील, तर कोण आले होते, कोणते कागद नेले, हे पालकांकडून लिहून घेऊन मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांना कळवावे. ज्यांनी असे संच घेतले आहेत, त्यांनी पिशवी किंवा दिनदर्शिका टाकून देऊ नये. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, पावती आणि विक्रेत्याशी झालेले संदेश यांसह जवळच्या पोलीस ठाण्यात जबाब द्यावा. एकेकट्याची रक्कम सहाशे-सातशे रुपयांची असल्याने ती किरकोळ वाटते, आणि एकाच खात्यावर किती लोकांचे पैसे गेले हे अनेक तक्रारी एकत्र आल्याशिवाय पोलिसांनाही दिसत नाही.