उभ्याने काढलेला एक्स-रे, झोपून काढलेला एक्स-रे

गुडघ्याची झिजलेली गादी इंजेक्शनने परत वाढवून देतो, असं कोणी सांगत असेल तर पैसे भरण्याआधी एवढं वाचा. मी आधी भरले आणि मग वाचत बसलो.

उजवा गुडघा चार वर्षं कुरकुरत होता. जिना उतरताना कळ यायची, बसून उठताना कटकट वाजायचं. हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं: झीज मधल्या टप्प्यात आहे, वजन उतरवा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करा, पुढे अगदीच चालवेना तर सांधा बदलू. ऐकायला गोड असं त्यात काहीच नव्हतं. मग मोबाइलवर जाहिरात आली, 'तुमच्याच स्टेम सेलने, ऑपरेशनशिवाय'. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी.

त्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या आधी समुपदेशक बाई भेटल्या. 'काका, घाबरू नका' म्हणत त्यांनी पडद्यावर एका पेशंटचे दोन एक्स-रे लावले. पहिल्यात हाडं एकमेकांना टेकायला आलेली, दुसऱ्यात मधे चांगली फट. 'सहा महिन्यांत वाढलेली गादी बघा.' मी बघितली आणि मला पटली.

फसलो ते इथे. साध्या एक्स-रेत कूर्चा, म्हणजे ही गादी, दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि त्यावरून कूर्चा किती उरली याचा अंदाज बांधतात. झिजलेल्या गुडघ्याची फिल्म उभ्याने काढली तर अंगाच्या भाराने ती जागा अरुंद दिसते, त्याच माणसाला आडवं करून काढली तर रुंद दिसू शकते. गुडघा किती वाकवला, किरण कोणत्या कोनातून सोडले, यानेही फरक पडतो. माझी पहिली फिल्म उभ्याने काढली होती. सहा महिन्यांनी मला टेबलावर झोपवलं. तेव्हा वाटलं, किती काळजी घेतात!

उपचार म्हणजे काय, तर कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा ओढली, यंत्रात फिरवली आणि त्याच दिवशी गुडघ्यात टोचली. त्या द्रवात खऱ्या स्टेम सेल दहा हजार पेशींत जेमतेम एखादी, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पुढचे दोन 'बूस्टर' म्हणजे माझ्याच रक्तातल्या प्लेटलेट. बिलावर 'स्टेम सेल' हा शब्द कुठेच नाही, नुसतं 'सांध्यातील इंजेक्शन'. ते मी घरी येऊन पाहिलं.

दोन महिने बरं वाटलं, हेही सांगायला हवं. पण २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निकाल आले. गुडघा झिजलेल्या २८८ जणांपैकी काहींना प्लेटलेट आणि काहींना नुसतं सलाइन टोचलं होतं. वर्षभरानंतर दुखणं दोन्ही गटांत कमी झालं, जवळपास सारखंच, आणि कूर्चेची झीजही थांबली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ या तिन्हींतल्या पेशी साध्या स्टेरॉइड इंजेक्शनपेक्षा वर्षभरात सरस ठरल्या नाहीत.

पेशींनी कूर्चा दुरुस्त करणं ही मुळात थाप नाही, म्हणून तर माणूस अडकतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती आपणहून नीट भरून येत नाही. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला: रुग्णाच्याच चांगल्या कूर्चेचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कूर्चेला पडलेल्या खड्ड्यात बसवायच्या. पुढे या पद्धती सुधारत गेल्या. पण त्या मुख्यतः दुखापतीने पडलेल्या ठरावीक खड्ड्यासाठी, शक्यतो तरुण गुडघ्यात, आणि नंतर कित्येक महिने व्यायाम करावा लागतो. सगळीकडून झिजलेल्या माझ्यासारख्या सांध्यासाठी नाहीत. माझ्या हातात दिलेल्या माहितीपत्रकात मात्र प्रयोगशाळेतल्या त्याच वाढवलेल्या पेशींचे रंगीत फोटो होते. माझी एकही पेशी कुठे वाढवली नव्हती.

वर्षाने पहिल्या डॉक्टरांकडे एमआरआय घेऊन गेलो. गादी होती तेवढीसुद्धा नव्हती. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच ओशाळलो.

मागच्या आठवड्यात त्या बाईंचा फोन आला, डाव्या गुडघ्यासाठी सवलत आहे म्हणून. विचारलं, 'नंतरचा एक्स-रे उभ्याने काढाल का?' 'सरांना विचारून कळवते' म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही.