पात्रतुलनेचा वर्कशीट-संच: वर्तुळांपेक्षा तक्ता कामाचा

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठीच्या या संचात चार प्रकारची पानं आहेत: वेन आकृती (एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं), तीन रकान्यांचा तक्ता, पुराव्याच्या चिठ्ठ्या आणि परिच्छेदाचा सांगाडा. उदाहरणाला मार्क ट्वेनची १८७६ची कादंबरी ‘टॉम सॉयर’ घेतली आहे. निवड उत्तम, कारण टॉम आणि त्याचा मित्र हक वरवर पाहता अगदी सारखे वाटतात.

वेन आकृती मात्र संचातलं सर्वांत कच्चं पान. मधला सामाईक भाग इतका अरुंद, की ‘दोघे मित्र’ लिहिलं की जागा संपते. शिवाय तुलना कशाच्या आधारे करायची, हे वर्तुळं विचारतच नाहीत. मग एकीकडे ‘टॉम मावशीकडे राहतो’ आणि दुसरीकडे ‘हक चिलीम ओढतो’ असं येतं. दोन्ही खरं, पण एक घराबद्दल, दुसरं सवयीबद्दल. याला तुलना म्हणता येत नाही.

तक्त्यासाठी हा संच जरूर घ्यावा. पहिला रकाना निकषाचा, पुढचे दोन पात्रांचे. ‘दुसऱ्यासाठी पत्करलेला धोका’ हा निकष घेऊन पाहा. डॉक्टरचा खून दोघांनी पाहिलेला, गप्प राहायची शपथही दोघांनी रक्ताने सही करून घेतलेली. पुढे टॉम भर कोर्टात साक्ष देऊन, खुनाचा आळ आलेल्या निरपराध मफ पॉटरला वाचवतो. हक विधवा डग्लसबाईंसाठी रात्री धावत जाऊन शेजाऱ्याला त्यांच्यावरच्या संकटाची खबर देतो, पण आपलं नाव फोडू नका म्हणून विनवतो. धाडस दोघांचं, एकाचं चारचौघांत, दुसऱ्याचं लपून. इथे ‘असं का?’ विचारलं की मुलं खरी बोलू लागतात: टॉमला वाहवा हवी असते, हकच्या पाठीशी मात्र घरचं कुणीच नाही.

चिठ्ठीवर प्रकरण, कृती आणि त्यातून काय कळतं, एवढंच लिहायचं. चिठ्ठीशिवाय विशेषण नाही, हा नियम अगदी योग्य. पण पाच निकष म्हणजे दहा चिठ्ठ्या. मुलं कंटाळतात आणि शेवटच्या चिठ्ठ्या उरकून टाकतात. तीन निकष, सहा चिठ्ठ्या, दोन तासिका हे प्रमाण जमतं. संक्षिप्त आवृत्तीत प्रकरणांचे क्रमांक बदलतात, कधी प्रसंगच गळतात, तेव्हा आधी ताडून घ्या.

सांगाड्यात आधी पूर्ण टॉम, मग पूर्ण हक अशी रचना आहे. त्यामुळे दोन स्वतंत्र व्यक्तिचित्रं हाती येतात. त्याऐवजी एका परिच्छेदात एकच निकष घ्यावा आणि ‘दोघेही’, ‘मात्र’, ‘याउलट’ हे शब्द त्यात वापरायला लावावेत. पात्र सुरुवातीला कसं होतं आणि शेवटी कसं झालं, यासाठी पानच नाही. तक्त्यातला प्रत्येक रकाना आडव्या रेघेने दुभागून ते करता येतं.

उत्तरसूचीत प्रत्येक निकषाला एकच उत्तर दिलं आहे. ती मुलांच्या हाती देऊ नये. चिठ्ठी जोडलेलं वेगळं उत्तर आलं, तर पूर्ण गुण द्यावेत.