बटाट्यातला सूत्रकृमी: नांगरट, झेंडू, ताग, पेंड की औषध?

काढलेल्या बटाट्याच्या सालीवर मोहरीएवढे फोड, माल खडबडीत, आणि पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या बाजारात त्यामुळे पडलेला भाव. ज्यांनी हे एकदा अनुभवलं, ते पुढच्या लागणीआधी कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘सूत्रकृमीवर (मातीत राहून मुळांत आणि कंदात शिरणाऱ्या बारीक जंतावर) काय आहे?’ असं विचारतात. माझ्या मते त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: बटाट्याच्या आधीच्या तीन महिन्यांत त्या रानात पाणी असतं का? सातगाव पठारावरचा पावसाच्या भरवशाचा खरीप बटाटा आणि डिंभ्याच्या कालव्याखालचा रब्बी बटाटा यांची उत्तरं इथेच वेगळी होतात.

आधी खात्री करा. फोड आलेला बटाटा धारदार चाकूनं अगदी पातळ सोला. सालीखाली, साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, काचेसारखे चमकणारे पांढुरके ठिपके आणि त्यांच्याभोवती तपकिरी डाग दिसले, तर ती गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची मादी आहे. खवल्या रोगात साल खरवडल्यासारखी होते, पण आत हे मोती नसतात. एक मादी चिकट पुंजक्यात २०० ते ५०० अंडी घालते. जमीन २५ ते ३० अंशांवर असेल तर साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार. म्हणजे तीन महिन्यांच्या खरीप पिकात तिसऱ्या पिढीपर्यंत मजल जाते, आणि बटाटे फुगतात ते नेमके दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या तोंडी. रब्बीत थंडीमुळे हा वेग मंदावतो. हलक्या, मुरमाड जमिनीत त्रास जास्त, भारी काळ्या रानात कमी.

माती तपासणीचा नमुना नेहमीसारखा वाळवून दिला, तर त्याचा उपयोग शून्य. हा जीव जिवंत असतानाच मोजावा लागतो. पीक काढल्याबरोबर, ओलसर रानातून, दहा-पंधरा ठिकाणची १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरची मुळांसकट माती एकत्र करा, त्यातली अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि उन्हात न ठेवता पोचवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं. तेवढी धावपळ जमत नसेल तर घरचा उपाय आहे: संशयित माती चार कुंड्यांत भरा, टोमॅटोची रोपं लावा, पाच-सहा आठवड्यांनी उपटून मुळं धुवा. मुळांवर गाठी दिसल्या की उत्तर मिळालं.

उन्हाळ्यात पाणी नसेल तर

खरीपवाल्यांपुढे एप्रिल-मेमध्ये खरं तर एकच मोठं शस्त्र आहे, आणि ते सगळ्यात स्वस्त आहे: पलटी नांगराची खोल नांगरट. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. अंडी आणि पिल्लं वर येतात, उन्हात सुकून मरतात. मात्र आपल्याकडे नांगरट झाली की लगेच रोटर फिरवून रान ‘तयार’ करायची घाई होते. तसं केलं की माती पुन्हा दबून बसते आणि ऊन आत पोचत नाही. ढेकळं उघडी तापू द्या, रोटर वळवानंतर.

नांगरटीची मर्यादा म्हणजे ती संख्या कमी करते, रान साफ करत नाही. त्याच रानात दर खरिपाला बटाटा घेत असाल तर नुसत्या नांगरटीवर विसंबू नका. एखादं वर्ष मध्ये बाजरी किंवा ज्वारी घालणं पैशाच्या दृष्टीनं जड जातं, हे मान्य. पण बेवड (बटाट्याआधी घेतलेलं पीक) बदलणं हाच इथला खरा इलाज आहे. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांच्या बेवडावर बटाटा म्हणजे किडीला जेवण वाढून ठेवणं. नारायणगावच्या टोमॅटोचा भाव बघून तेच रान आलटून-पालटून टोमॅटो-बटाट्याला देणाऱ्यांनी याचा फार गांभीर्यानं विचार करावा.

पाणी असेल तर

रब्बी बटाट्याआधी जूनपासून रान मोकळं असतं. तिथे दोन पर्याय समोरासमोर ठेवून बघण्यासारखे आहेत.

झेंडूच्या जिवंत मुळांतली रसायनं सूत्रकृमीला मारक ठरतात, त्यामुळे पीक किमान दोन-अडीच महिने रानात दाट उभं राहायला हवं. बांधाला चार ओळी लावून आतल्या बटाट्याचं रक्षण होतं, ही समजूत सोडा. दसरा-दिवाळीला फुलं विकून नोव्हेंबरमध्ये लागण करता येते, म्हणजे बेवडाचा बेवड आणि हातात रोख. अडचण तणाची: माठ, घोळ, चंदनबटवा यांच्या मुळांवर हाच सूत्रकृमी पोसतो. झेंडूत ही तणं माजली तर झेंडूचा फायदा वाया गेला असं समजा. शिवाय सणाच्या आठवड्यात झेंडूचा भाव कोसळतो, तोही धोका आहेच.

तागात रोख मिळत नाही, पण खर्चही बियाण्याचा आणि गाडण्याचाच. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला तागावर वाढता येत नाही, आणि फुलोऱ्याच्या सुरुवातीला, ४५-५० दिवसांत गाडला की जमिनीला सेंद्रिय खत. तोडणीला मजूर मिळत नसतील, किंवा रान बऱ्याच वर्षांपासून थकलेलं असेल, तर मी तागालाच कौल देईन. बाजार जवळ आणि घरात माणसं असतील तर झेंडूला.

पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवण्याबद्दलही विचारलं जातं. ओल्या रानावर चार ते सहा आठवडे ते चांगलं चालतं, पण एकराला लागणारं प्लास्टिक आणि वरच्या थरापुरताच होणारा परिणाम बघता बटाट्याच्या मोठ्या रानाला ते परवडत नाही. रोपवाटिकेच्या वाफ्यांपुरतं ठेवा.

पेंड, जैविक बुरशी आणि रासायनिक औषध

निंबोळी पेंड एकरी ४०० किलोच्या आसपास, लागणीच्या दोन-तीन आठवडे आधी, मातीत मिसळून आणि ओल ठेवून. सरीत लागणीच्या दिवशी टाकलेली पेंड खत म्हणून उपयोगी, सूत्रकृमीसाठी उशिरा. पॅसिलोमायसेस किंवा ट्रायकोडर्मा घ्यायचं तर आधी कुजलेल्या शेणखतात मिसळून आठ-पंधरा दिवस सावलीत ओलसर मुरवा. या बुरशा अंड्यांवर काम करतात, पण सावकाश. संख्या बेताची असेल तर पेंड आणि बुरशी ही जोडी पुरते. जास्त असेल तर एकट्या त्यांच्यावर बटाटा सोडू नका.

रासायनिक औषधाचा परिणाम पटकन दिसतो, म्हणून लोक तिकडे वळतात. पण हिशोब बघा: लागणीच्या वेळी दिलेला एक हप्ता पहिल्या पिढीला रोखतो, मुळाच्या आत शिरलेल्यांना आणि पुंजक्यातल्या अंड्यांना फारसा नाही. महिन्या-दीड महिन्यात त्याचा जोर ओसरतो, तेव्हाच बटाटे धरत असतात. पूर्वी सर्रास वापरलं जाणारं फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झालं. कार्बोफ्युरानचंही २०२३ च्या आदेशानंतर फक्त ३ टक्के दाणेदार रूप उरलं, तेही लेबलवरच्या पिकांपुरतं. फ्लुओपायरमसारखी नवी औषधं कमी मात्रेत काम करतात, पण महाग आहेत. कोणतंही घेताना लेबलवर बटाटा लिहिला आहे का ते स्वतः वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. खाण्याच्या कंदात ते उतरणार आहे.

वाणाबद्दल एक खुलासा. कुफरी स्वर्णा, कुफरी नीलिमा, कुफरी सह्याद्री यांना ‘सूत्रकृमी प्रतिकारक’ म्हणतात ते खरं आहे, पण ते निलगिरीत १९६१ साली सापडलेल्या पुटी सूत्रकृमीसाठी. तो वेगळा जीव आहे आणि त्याच्या पुटीतली अंडी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या गाठींवर या वाणांचा भरवसा धरू नका. मात्र त्याच जिवामुळे २०१८ मध्ये हिमाचल, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंडच्या बेण्याच्या वाहतुकीवर बंदी आली. म्हणून बेणं घेताना ते कुठून आलं हे विचारा, आणि प्रत्येक पोत्यातले दोन-चार बटाटे सोलून बघा.

माझा कौल असा: कोरडवाहू खरिपाला नांगरट अधिक पेंड, बागायती रब्बीला ताग किंवा झेंडू, आणि औषध फक्त तपासणीत संख्या खूप निघाली तरच, यांपैकी एकाच्या जोडीनं. आणि पाला वाळल्यावर बटाटा जमिनीत राखून ठेवू नका, विशेषतः खरिपात. भावाची वाट बघण्यात गेलेला प्रत्येक आठवडा फोड वाढवतो.