धातूची झडप की जनावराची? एका माळकऱ्याचा अनुभव

हृदयातली महाधमनीची झडप बदलायची ठरली तेव्हा माझं वय ६२. पन्नाशीच्या आत सहसा धातूची सुचवतात, पासष्टीनंतर जनावराची. मधल्यांनी स्वतःच ठरवायचं. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे ओढा अर्थातच धातूकडे. ती जन्मभर टिकते, आणि तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली देशी झडप तर १९९० पासून बसवतात. कुणाच्या जिवाचा प्रश्नच नाही.

पण माझ्या मेहुण्याला धातूचीच आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दोन-तीनच्या मध्ये राहतो का ते बघायला सारखी रक्ततपासणी. पालक, मेथीने हा आकडा हलतो; त्या बंद नाहीत, पण रोज साधारण तेवढ्याच हव्यात. एका आठवड्यात आकडा १.६, पुढच्या खेपेला ४. वारीत हे कसं जमायचं? मुक्कामाला पंगतीत जी भाजी पडेल ती खायची, पायाला फोड, दाढी करताना कापलं तरी धास्ती, आणि रक्त तपासायचं कुठे? दोन वर्षं ओढाताण करून त्याने वारी सोडली. जनावराच्या झडपेला ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला म्हणा ना.

राहिली माळ. डॉक्टरांनी सहज सांगितलं की शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन बहुतेक डुकराच्या आतड्यांतूनच काढतात. म्हणजे धातूची घेऊनही डुक्कर टळत नव्हतंच! शिवाय झडप रसायनात मुरवून निर्जीव केलेली असते. २०२२ साली मेरीलँडमध्ये डुकराचं अख्खं हृदय बसवलं, तो रुग्ण दोन महिने जगला. पण ते जिवंत हृदय होतं; ही निर्जीव झडप शरीर नाकारेल ही भीती जवळजवळ नसते.

मग गाय की डुक्कर? गाईच्या हृदयावरणाची म्हटल्यावर आईने जेवणच सोडलं. डुकराला मात्र ती म्हणाली, "वराह अवतारच की तो." शेजारच्या खाटेवरच्या चाचांचं नेमकं उलट. जिवावर बेतलं तर डुकराचंही चालतं, असं त्यांच्या मौलवींनी सांगितलं होतं, तरी त्यांनी गाईचीच घेतली. जैन मित्र असता तर कदाचित धातूवरच अडून बसला असता, आणि त्याला चूक म्हणायची माझी तयारी नाही.

जनावराची झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणपणी बसवली तर त्याहून लवकर. चाळिशीत असाल तर माझं ऐकू नका. मी मात्र यंदा तिसऱ्यांदा आळंदीहून निघालो. मेहुणा निरोप द्यायला आला होता, डब्यात मेथीचे पराठे घेऊन. त्याने स्वतः अर्धाच खाल्ला.