२२५ हा आकडा तेवढा खरा होता

लहान स्पोर्ट्स कारला शर्यतीच्या ट्रॅकसाठी रुंद टायर बसवून घेताना माझी जी फसवणूक झाली, ती मी येथे सविस्तर लिहीत आहे. कारण ती ज्या दोन ठिकाणी दडवलेली होती तेथे आपण सहसा पाहत नाही. एक ठिकाण म्हणजे टायरची आतली बाजू आणि दुसरे म्हणजे चाक व हब (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते तो) यांच्यामधली जागा. विक्रेत्याचे नाव देत नाही. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगतो.

माझी गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. १९८९ साली बाजारात आलेली ही गाडी वजनाने जेमतेम एक टनाच्या आसपास भरते. १.६ लिटर इंजिनाच्या माझ्या गाडीला मुळात १४ इंच व्यासाची, साडेपाच इंच रुंदीची चाके आणि १८५/६० आर १४ मापाचे टायर होते (यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा चाकाचा व्यास इंचांत सांगतो). ट्रॅकवर दोन-तीन वेळा चालवल्यानंतर वळणात पुढचे टायर लवकर हार मानतात असे जाणवू लागले आणि रुंद टायरचा विचार मनात घर करून बसला. याच गाडीच्या ट्रॅकवरच्या अनेक मालकांनी १५ इंची, ९ इंच रुंद चाकांवर २२५/४५ आर १५ टायर चढवलेले मी पाहिले होते, त्यामुळे विक्रेत्याने तेच माप सुचवले तेव्हा मला शंका घेण्यासारखे काही वाटले नाही.

त्याचा पहिला युक्तिवाद असा होता की टायर जितका रुंद तितके अधिक रबर रस्त्याला टेकते. हे मी तपासून पाहायला हवे होते. टायर जमिनीवर जेवढा भाग टेकवतो त्याचे क्षेत्रफळ मुख्यतः त्यावरचा भार आणि आतला हवेचा दाब यांवर ठरते. एका चाकावर २५० किलो भार आणि दोन बार दाब धरला तर ते साधारण १२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते, मग टायर १८५ असो की २२५. बदलतो तो आकार: रुंद टायरचा ठसा लांबीला आखूड आणि रुंदीला मोठा होतो, त्यामुळे वळणातला प्रतिसाद सुधारतो, उष्णता अधिक रबरात विभागली जाते आणि दाब थोडा कमी ठेवण्याची मोकळीक मिळते. फायदा खराच आहे, पण तो रबराच्या जातीवर आणि अवस्थेवर अवलंबून असतो, आणि हलक्या गाडीत तर फार रुंद टायर पुरेसा तापतही नाही. विक्रेत्याने रुंदीवर इतके बोलून घेतले की रबराबद्दल विचारायचे माझ्या लक्षातच राहिले नाही. आज मागे पाहताना मला हीच त्याची खरी चलाखी वाटते.

त्याने दिलेली आश्वासने अशी होती: टायर ट्रॅकसाठीच्या मऊ रबराचे आणि चालू वर्षाचे, चाके फोर्ज्ड (म्हणजे ओतीव नव्हे, दाबून घडवलेली), प्रत्येकी सहा किलोच्या आत, ऑफसेट (चाकाची हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून जेवढी बाहेरच्या अंगाला असते ते अंतर) ३६ मिलिमीटर. मागच्या फेंडरची (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीची) आतली कड दुमडून देण्याचेही त्याने कबूल केले. ट्रॅकचा दिवस चार दिवसांवर आला होता आणि हे त्याला मीच सांगून बसलो होतो. ‘आज अर्धी रक्कम दिलीत तरच माल राखून ठेवता येईल,’ असे तो म्हणाला आणि मी ती रोख दिली. जुनी चाके व टायर त्याने बदल्यात ठेवून घेतले. त्यांची किंमत बिलातून वजा झाली, तेव्हा मला तो सौदा बरा वाटला. परत फिरण्याची वाट मी स्वतःच्या हाताने बंद करत आहे हे कळले नाही. काम चालू असताना ग्राहकाने आत यायचे नाही असा तिथला नियम असल्याचे त्याने सांगितले. बिलावर एवढेच लिहिले होते: ‘चार चाके व चार टायर, २२५/४५ आर १५, बसवून.’ उरलेली रक्कम मी कार्डाने भरली.

गाडी बाहेर आली तेव्हा टायर काळेभोर चमकत होते आणि चाके फेंडरच्या रेषेत अगदी नेमकी बसली होती.

ट्रॅकवर सकाळी गाड्यांची तपासणी झाली. तपासनिसांनी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला ‘टक्’ असा आवाज देणाऱ्या पान्याने) नट पाहिले, सगळे घट्ट होते, आणि गाडी पास झाली. पहिल्या फेरीपासूनच वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागे. तिसऱ्या फेरीत मागचा टायर फेंडरला घासल्याचा आवाज आला. चौथ्या फेरीत, डावीकडच्या लांब वळणात, मागची बाजू कोणतीही पूर्वसूचना न देता सुटली आणि गाडी आडवी होऊन गवतात जाऊन थांबली. मागून कोणी येत नव्हते, म्हणून हे लिहायला मी आहे. नवा मऊ टायर सुटण्याआधी कुरकुरतो, सरकू लागतो, चालकाला सावरायला वेळ देतो. हा टायर ओल्या फरशीवर पाय घसरावा तसा सुटला.

पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत) परतल्यावर एका ज्येष्ठ मेकॅनिकने मागचे चाक काढायला घेतले. नट हाताने सोडवताना ते थांबले आणि म्हणाले, ‘हा नट किती फेरे फिरवल्यावर सुटला, मोजलंत का?’ आम्ही पुढचा नट मोजला. तो जेमतेम पाच फेऱ्यांत हातात आला. या गाडीचे स्टड (हबवरचे ज्या दांड्यांवर नट बसतात ते) १२ मिलिमीटर जाडीचे असून त्यांच्या आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर आहे. म्हणजे नटाने साडेसात मिलिमीटर आटेच पकडले होते. स्टडच्या जाडीइतकी, म्हणजे १२ मिलिमीटर, पकड असावी हा सर्वसाधारण नियम आहे आणि त्यासाठी किमान आठ फेरे हवेत. टॉर्क रेंच हे सांगू शकत नाही. पाच आट्यांवरही तो ‘टक्’ असा आवाज देतोच. म्हणूनच सकाळची तपासणी निभावून गेली.

चाक निघाल्यावर कारण समोर आले. चाक आणि हब यांच्यामध्ये १० मिलिमीटर जाडीची, साधी, सपाट स्पेसर चकती (चाक हबपासून बाहेर सरकवणारी) होती. चाकाच्या आत कोरलेला ऑफसेट ३६ नव्हे, तर ४५ होता. ४५ मधून १० वजा केले की ३५ उरतात, म्हणजे कबूल केलेल्या मापापासून केवळ एका मिलिमीटरचा फरक. चाक बाहेरून बरोबर त्याच जागी दिसत होते, आणि त्यामुळेच ते पाहून कोणालाही संशय आला नसता. स्पेसरने स्टडचे आटे खाल्ले होते. लांब स्टड बसवले असते तर गोष्ट वेगळी, पण ते खर्चाचे आणि वेळेचे काम त्याने टाळले होते. भरीस भर म्हणजे हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आणि चाकाचे मधले छिद्र ७३ मिलिमीटरचे, तरीही मधली पोकळी भरणारी रिंग कोठेच नव्हती. चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी राहत होते. थरथरीचे मूळ तेच होते.

टायर उलटा करून पाहिला तेव्हा दुसरा अर्धा भाग उलगडला. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो आणि माझ्या चारही टायरवर ती बाजू आत वळवलेली होती. तेथे ३७१४ असे होते, म्हणजे २०१४ सालचा ३७वा आठवडा. माझी खरेदी २०२२ च्या मार्चमधली. साडेसात वर्षांचे टायर मला चालू वर्षाचे म्हणून विकले गेले होते, आणि तेही वापरलेले. खाचांच्या तळाशी जुन्या रबराचे वितळून चिकटलेले कण होते आणि पृष्ठभाग यंत्रावर घासून एकसारखा केलेला होता. (नवे टायर ट्रॅकसाठी मुद्दाम घासून पातळ करण्याची रीत आहे आणि ती प्रामाणिक आहे, पण ते काम सांगून केले जाते.) पुढे रबराचा कठीणपणा मोजून घेतला, तेव्हा शोअर ए मापनावर ८४ आला. अशा मऊ रबराचा आकडा नवे असताना साधारण साठीच्या घरात असतो. वारंवार तापून आणि थंड होऊन रबर कडक होते, वयानेही होते, आणि मग रुंदी कितीही असली तरी पकड उरत नाही.

घरी आल्यावर टायर काढून नुसते चाक वजनकाट्यावर ठेवले. ८.१ किलो भरले. ते ओतीव होते.

विक्रेता आधी म्हणाला की ट्रॅकवर असे चालायचेच. मग म्हणाला, माल वापरला गेला आहे, परत घेता येणार नाही. बिलात लिहिलेले प्रत्येक अक्षर खरे होते: चाके चार होती, टायर चार होते, माप २२५/४५ आर १५ होते. उत्पादनाचा आठवडा, ऑफसेट, वजन, नवे की जुने, स्पेसर आहे की नाही, यातले काहीच मी बिलावर लिहून घेतलेले नव्हते. डॉट क्रमांकाची छायाचित्रे, स्पेसरची मापे आणि त्याचे ‘चालू वर्षाचे’ असे शब्द असलेला जुना संदेश यांच्या आधारावर बँकेकडे दाद मागून कार्डाने भरलेली रक्कम परत मिळाली. रोख दिलेली अर्धी रक्कम आणि मूळ चाके गेली ती गेलीच.

आता गाडीला सात इंच रुंद चाके आणि १९५/५० आर १५ टायर आहेत. त्यांचा व्यास ५७६ मिलिमीटर असून मूळ टायरच्या व्यासाशी तो जवळजवळ तंतोतंत जुळतो. ते बसवताना मी शेजारी उभा राहिलो, प्रत्येक टायरची तारीख आधी वाचली आणि सोळाही नटांचे फेरे मोजले.

बँकेचा निर्णय झाल्यावर त्या विक्रेत्याचा एकदा फोन आला. ते चार टायर अगदी थोड्या रकमेत परत घ्यायची त्याची तयारी होती. ते पुन्हा घासून, चमकवून कोणाच्या गाडीखाली जातील हे मला स्पष्ट दिसत होते, म्हणून मी नकार दिला आणि चारही टायरच्या साइडवॉल (बाजूच्या भिंती) आरपार कापून मगच ते भंगारात दिले.